पावती आहे, पण परवानगी नाही!

पैसे मोजले, पावती घेतली, वस्तू पिशवीत टाकली, की व्यवहार पुरा झाला, अशा समजुतीत आमची पिढी वाढली. अमरावतीच्या जवाहर रोडवरून पातेले आणा, सायकल आणा, नाही तर लेकीच्या लग्नाचा शालू आणा, घरी आल्यावर पातेले काही विचारीत नाही, की "मला चुलीवर ठेवणारे आपण कोण?" सायकल असे म्हणत नाही, की "थांबा, आधी अमेरिकेत विचारून येते, मग चाक फिरवते." पण हल्ली घरोघर एक वस्तू अशी शिरली आहे, की ती रोख पैसे देऊन, रीतसर बिल घेऊन आणली, तरी उंबरठ्यावरच अडून बसते. ती म्हणजे संगणकाची कार्यप्रणाली. आपण घरगुती भाषेत 'सिस्टीम टाकली' म्हणतो ना, तीच ती. त्यातही जुन्या प्रणालीवर नवी चढवायची, म्हणजे 'अपग्रेड' करावयाचे असेल, तर मग विचारूच नका!

मी काही संगणकाचा इंजिनियर नव्हे. महाविद्यालयात वाणिज्य शिकविण्यात हयात गेली. पण आळीत ज्याच्या घरी पहिला संगणक येतो, तो आपोआपच त्या आळीचा वैद्य होतो, तसे माझे झाले. वीस-बावीस वर्षे झाली, संध्याकाळी फाटक वाजते आणि कोणी तरी म्हणते, "सर, जरा येऊन बघता का?" नाना तऱ्हेचे रोगी पाहिले. परंतु मला खरी कणव येते ती पैसे भरून अडलेल्यांची. चोरीची सीडी टाकणारा माझ्याकडे कधी येत नाही. त्याचे बिनबोभाट चालू असते!

आमच्या अकोल्याच्या धाकट्या बहिणीचेच पहा. जठारपेठेत तिचे डी.टी.पी.चे लहानसे दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, गणपतीची पावतीपुस्तके, आणि आमच्या वऱ्हाडच्या रिवाजाप्रमाणे तेरवीच्या पत्रिका, अशी सटरफटर कामे. पण त्यावर घराला चांगला हातभार लागतो. गोष्ट २०१३ सालच्या मे महिन्यातली. अक्षय्य तृतीया तोंडावर आलेली, पत्रिकांची चळत टेबलावर, आणि नेमकी त्याच वेळी संगणकाची हार्ड डिस्क किरकिर करू लागली. नवी बसविल्यावाचून गत्यंतर नव्हते. मग तिने विचार केला, की डिस्क बदलतोच आहोत, तर त्याच हाताने प्रणालीही नवी करून घ्यावी.

जुनी प्रणाली तिने २००७ साली संगणकाबरोबरच घेतलेली. नवीसाठी दोन मार्ग होते: एक, पूर्ण किंमत देऊन नवी घेणे, दुसरा, आधीच्या गिऱ्हाइकांसाठी कमी किमतीत मिळणारी 'अपग्रेड'ची पेटी घेणे. तिने दुसरा पत्करला. शिक्क्याचे, सहीचे पक्के बिल घेतले. त्या गल्लीतल्या पाच-सात दुकानांत प्रणाली विकत घेणारी ती एकटीच. तिचा हिशेब सरळ होता: "शाळा-कॉलेजांना मी बिल देते, मग मी कोणाकडून बिनबिलाचे का घ्यावे?"

डिस्क बसवायला आलेला पोरगा हुशार, हाताने चलाख. त्याने नव्या कोऱ्या डिस्कवर पेटीतली तबकडी चालविली, तासाभरात नवी प्रणाली उभी केली, चहा घेतला आणि तो गेला. सगळे झकपक दिसत होते. शेवटी यंत्राने पंचवीस अक्षरांची किल्ली मागितली. बहिणीने पेटीवरून पाहून एकेक अक्षर घातले. यंत्राने क्षणभर विचार केला आणि उत्तर दिले. त्याचा मराठीत अर्थ असा, की बाई, ही किल्ली जुन्यावर नवे चढविण्यापुरती आहे, कोऱ्या यंत्रावर चालणार नाही.

कंपनीचे नाव मी मुद्दाम घेत नाही. नियम थोड्याफार फरकाने त्या काळी बऱ्याच ठिकाणी असेच होते.

हा नियम समजावून घ्यायचा, तर भांड्यांच्या दुकानात चला. आपल्या आया-आज्या जुनी तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालून नवे पातेले घेत. दुकानदार मोडीची किंमत वजा करी आणि वरचे पैसे घेई. अपग्रेडची पेटी म्हणजे हाच व्यवहार. कमी पैसे का? तर तुमच्याजवळ जुने भांडे आहे म्हणून. पण त्यात एक मेख आहे. जुने भांडे त्या घडीला दुकानदारासमोर हजर पाहिजे. आमच्या बहिणीचे जुने भांडे किरकिऱ्या डिस्कबरोबर त्या पोराने पिशवीत भरून नेले होते. आता ती हजार वेळा म्हणाली, की "अहो, होते हो माझ्याकडे, हे पहा २००७ चे बिल," तरी यंत्राला बिल वाचता येत नाही. त्याला डिस्कवर जुनी प्रणाली दिसली पाहिजे. ती दिसली नाही, म्हणजे ती कधी नव्हतीच!

दुसऱ्या दिवसापासून पडद्यामागचे चित्र गेले आणि सगळे काळे झाले. उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत सूचना आली, की ही प्रत अधिकृत ठरलेली नाही. काम अडत नव्हते, हे खरे. पण दुकान म्हटले की गिऱ्हाईक शेजारी बसून पडद्यावर मजकूर तपासणार. बोरगावकडचे एक शेतकरी गृहस्थ मुलीची पत्रिका तपासायला आले. त्यांनी चष्मा सरसावून विचारले, "काऊन बाई, हे असं काळं काऊन दिसते? काई चोरीचं-गिरीचं तं नाई ना जी?"

बिचाऱ्याने सहज विचारले. पण तिच्या काळजाला घरे पडली. गल्लीत जी एकटी पैसे देऊन बसली, तिच्याच कपाळी काळा टिळा! शेजारच्या दुकानात रस्त्यावरच्या सीडीतून घातलेली तीच प्रणाली डोंगर-झाडांचे सुंदर चित्र दाखवीत सुखाने नांदत होती.

तिने त्या पोराला पुन्हा बोलावले. त्याने डोके खाजविले आणि गळा खाली करून म्हणाला, "ताई, दोनशे रुपये द्या, पाच मिनिटांत पक्कं करून देतो. कोनालेच समजत नाई." म्हणजे विकत घेतलेल्या प्रणालीला चोरवाट! त्या रात्री तिचा मला अमरावतीला फोन आला. आवाज भरून आलेला. "दादा, मी पैसे भरून चोर ठरले. आता दोनशे देऊन खरीच चोर होऊ का?"

मी सकाळची एस.टी. धरली. अमरावती-अकोला अंतर ते केवढे, शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. पण त्या वेळचा तो रस्ता आठवला की अजून कंबर दुखते. (याच रस्त्यावर पुढे २०२२ च्या जूनमध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर सलग अंथरून गिनीज बुकात नाव घातले. आमच्या पंचवीस अक्षरांना अकरा दिवस लागले!) वाटेत मूर्तिजापूर लागले. तिथली ती अरुंद रुळांची शकुंतला गाडी आमच्या पिढीला चांगली माहीत. एका बाजूला यवतमाळ, दुसऱ्या बाजूला अचलपूर. आता ती धावत नाही. इंग्रजी अमदानीत कापसासाठी घातलेल्या त्या रुळांची मालकी स्वातंत्र्यानंतरही खासगी कंपनीकडेच राहिली आणि आपली रेल्वे कराराने तिथे गाडी चालवी. गाडीत बसणारे आपण, तिकीट काढणारे आपण, पण रूळ परक्याचे. खिडकीशी बसून मला वाटले, बहिणीच्या दुकानातही हेच चालले आहे की!

दुकानात पोचल्यावर पहिला शोध जुन्या तबकडीचा. ती सापडली तिच्या लग्नाच्या अल्बमच्या खोळीत. का, ते तिलाही सांगता येईना. दुसरा शोध जुन्या किल्लीचा. ती संगणकाच्या खोक्याला चिकटविलेल्या कागदी पट्टीवर असते. पण सहा वर्षे अकोल्याचा उन्हाळा आणि कूलरचा ओलावा खाऊन त्या पट्टीवरची अक्षरे पार पुसट झाली होती. समोरच्या सराफांकडून हिरे पाहावयाचे भिंग आणले. सराफ स्वतःच दुकान मुलावर सोपवून आले. भिंग डोळ्याला लावून त्यांनी एकेक अक्षर सांगावे, भाच्याने लिहून घ्यावे. चोवीस अक्षरे लागली. पंचविसावे 'बी' की आठ, यावर एकमत होईना!

इथे एक गमतीची माहिती सांगून ठेवतो. या पंचवीस अक्षरी किल्ल्या तयार करताना कंपन्या घोटाळ्याची अक्षरे गाळतात. विंडोजच्या किल्ल्यांत शून्य नसते, एक नसतो, पाच नसतो. 'ओ', 'आय', 'एस' ही अक्षरेही नसतात. म्हणजे शून्य की 'ओ', पाच की 'एस' हा प्रश्नच उद्‌भवू नये. मोठी शहाणपणाची योजना! पण 'बी' आणि आठ मात्र दोन्ही ठेवले आहेत. योजना करणाऱ्याने कधी कूलरशेजारची पट्टी वाचली नसावी.

'बी' घालून पाहिले, नाही. आठ घातले, यंत्र खूष! मग कोऱ्या डिस्कवर आधी जुनी प्रणाली घातली, त्याला दोन तास. तिच्यावर नवी चढविली, त्याला आणखी दोन. म्हणजे घरात नव्या सुनेला आणायचे, तर आधी सासूबाईंना गावाहून बोलावून ओट्यावर बसवायचे आणि मग त्यांच्या देखत गृहप्रवेश करावयाचा. आता तरी किल्ली लागेल म्हणावे, तर इंटरनेटवरून उत्तर आले, की फार वेळा प्रयत्न झाले आहेत, फोन करा.

फोनची ती रात्र मी जन्मात विसरणार नाही. पडद्यावर नऊ रकान्यांत सात-सात आकडे, एकूण त्रेसष्ट. ते फोनवरच्या यंत्राला ऐकवायचे किंवा बटणांनी दाबून कळवायचे. कूलरच्या घरघरीत पलीकडचे काही ऐकू येईना, म्हणून तो बंद केला. मे महिना, अकोला, आणि कूलर बंद! बहीण आकडे वाचते आहे, मी बटणे दाबतो आहे, भाचा पंख्याऐवजी पत्रिकेच्या पुठ्ठ्याने वारा घालतो आहे. पाचव्या रकान्यात ओळ तुटली. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेस एक माणूस बोलला. माणसाचा आवाज ऐकून केवढे बरे वाटले म्हणून सांगू! त्याने शांतपणे विचारले, "ही प्रत किती यंत्रांवर घातली आहे?" बहीण म्हणाली, "एकाच." एवढा एकच प्रश्न. मग त्याने अठ्ठेचाळीस आकडे सांगितले, ते आम्ही घातले, आणि रात्री पावणेअकराला काळा पडदा गेला.

बहिणीने आधी कूलर लावला. मग बोरगावच्या त्या गृहस्थांना फोन करून सांगितले, की पत्रिका सकाळी तयार मिळेल.

आता कोणी म्हणेल, कंपन्यांनी हा उपद्‌व्याप मांडला तरी कशाला? त्यांच्या बाजूनेही बोलावयास हवे. १९९० नंतर आपल्याकडे संगणक गावोगाव पोचले, ते बहुधा चोरीच्या प्रतींच्या आधारानेच. बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्स ही कंपन्यांचीच संघटना. तिच्या अंदाजाप्रमाणे २०११ साली भारतात वापरातली ६३ टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना होती. आकडा कंपन्यांच्या पदरचा, तेव्हा थोडी सूट द्या. पण गल्लीतली दुकाने आठवा आणि सांगा, फार चुकला आहे का?

त्यावरचा उपाय म्हणून मायक्रोसॉफ्टने २००१ सालच्या विंडोज एक्स्पीपासून घरगुती गिऱ्हाइकांनाही 'ॲक्टिव्हेशन' लागू केले. प्रणाली तुमच्या यंत्राचे दहा-एक भाग तपासते, प्रोसेसर, डिस्क, मेमरी, नेटवर्कचे कार्ड वगैरे. त्यावरून यंत्राची एक कुंडली मांडते, आणि ती किल्लीबरोबर कंपनीकडे पाठविते. ही किल्ली दुसऱ्या कुंडलीशी आधीच जुळली असेल, तर नकार. त्या वेळी तीस दिवसांची मुदत असे. तोवर लग्न लागले नाही, की दार बंद.

चोरांना यामुळे आळा किती बसला, ते चोर जाणोत. परंतु साव कसे भरडले गेले, त्याची उदाहरणे जाहीर आहेत. २००७ च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टच्या तपासणी-सर्व्हरवर कर्मचाऱ्यांच्या हातून चुकीचा प्रोग्राम चढला. सुमारे एकोणीस तास खऱ्या प्रतींनाही खोट्या ठरविण्याचे काम चालले. कंपनीनेच सांगितले, की बारा हजारांच्या आत यंत्रे सापडली. पुन्हा ८ नोव्हेंबर २०१८ रोजी विंडोज १० ची वरच्या दर्जाची 'प्रो' आवृत्ती वापरणाऱ्या कित्येकांना पडद्यावर दिसले, की तुमचा परवाना 'होम'चा आहे. पैसे वरच्या वर्गाचे, आणि तिकीट तपासनीस म्हणतो खाली उतरा! एका दिवसात ते निस्तरले. पण दिवसभर त्या माणसांनी काय करावे?

आणि तपासनीसच नोकरी सोडून गेला तर? तेही घडले आहे. ॲडोबीच्या २००५ सालच्या सीएस-२ संचाला, म्हणजे आमच्या बहिणीसारख्यांच्या रोजच्या उपयोगातल्या फोटोशॉपच्या त्या पिढीला, असेच ॲक्टिव्हेशन लागे. पुढे कंपनीने तो सर्व्हरच बंद केला. मग ज्यांनी पैसे भरले होते, त्यांच्यासाठी २०१३ च्या आरंभी बिनकुलपाची प्रत उपलब्ध करून द्यावी लागली. हे चांगले केले. परंतु एखाद्या कंपनीने सर्व्हर बंद केला आणि अशी प्रत दिलीच नाही, किंवा कंपनीच बुडाली, तर? घर आपले, कुलूप आपले, आणि किल्ली घेऊन घरमालक परागंदा!

मराठी छपाईवाल्यांना कुलपाचा हा जाच नवा नाही म्हणा. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी काय, सी-डॅकची आयएसएम काय, या प्रणालींबरोबर वर्षानुवर्षे एक 'लॉक' येई. अंगठ्याएवढे ते यंत्र संगणकाच्या पाठीत खोचले, तरच मराठी अक्षरे उमटत. पण ते कुलूप निदान डोळ्यांना दिसे. दुकान बंद करताना बहीण ते काढून पर्समध्ये घाली. सातासमुद्रांपलीकडच्या कुलपाला पर्समध्ये कसे घालणार?

वाणिज्याचा मास्तर या नात्याने मला या प्रकरणातला एक पेच फार मनोरंजक वाटतो. पेटीवरच्या बारीक अक्षरांत कंपनी म्हणते, आम्ही तुम्हांला ही वस्तू विकली नाही. वापरावयाचा परवाना दिला. बरे, मग विक्रीकर कशाचा घेता? हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात ५ नोव्हेंबर २००४ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की तबकडीवर घालून बाजारात विकलेले तयार सॉफ्टवेअर हा 'माल'च आहे. त्यावर विक्रीकर लागतो. म्हणजे कर भरताना तो माल, आणि वापरताना परवाना. गिऱ्हाइकाला दोन्हीकडून चिमटा!

हा परवान्याचा प्रकार मला नीट उमगला, तो आमच्या शेजारच्या निवृत्त तलाठी काकांमुळे. यांनी आयुष्यभर सातबारे लिहिले. निवृत्तीनंतर लॅपटॉप नको, मोठा पडदा हवा म्हणून संगणक घेतला. प्रणाली यंत्राबरोबर आलेली. पुढे नातवाच्या सांगण्यावरून वरच्या दर्जाची आवृत्ती इंटरनेटवरून पैसे भरून चढविली. दोन वर्षे सुरळीत गेली. मग एका जुलैत रुक्मिणीनगरावर अशी वीज कडाडली, की त्यांचा मदरबोर्ड जळाला. नवा बसविला, आणि प्रणाली म्हणाली, आपली ओळख नाही.

काका कागद घेऊन माझ्याकडे आले. त्यांना मी सांगितले, की यंत्राबरोबर येणारा परवाना साधारणतः त्या यंत्राच्या मदरबोर्डाशी बांधलेला असतो. वेगळा विकत घेतलेला परवाना एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर नेता येतो. काकांचे डोळे चमकले. "म्हणजे भोगवटादार वर्ग एक आणि वर्ग दोन म्हणा की! वर्ग एकची जमीन ज्याला हवी त्याला द्या. वर्ग दोनला कलेक्टरची परवानगी लागते." मी थक्क झालो. इतक्या वर्षांत मला हे इतक्या सोप्या रीतीने सांगता आले नव्हते. त्यांच्या बाबतीत घोळ असा, की खालचा पाया वर्ग दोनचा आणि वरचा मजला वर्ग एकचा. पाया विजेत गेला. मजला त्यांच्या मालकीचा खरा, पण अधांतरी लोंबकळत राहिला.

"खरेदीखत झालं, पण फेरफार झाला नाही," असे पुटपुटत ते घरी गेले, आणि तलाठी दफ्तराला शोभेल अशी फाईल त्यांनी तयार केली. यंत्राचे मूळ बिल. वरच्या आवृत्तीचे पैसे भरल्याचा ईमेल, छापून. जळालेल्या मदरबोर्डाचा फोटो. दुरुस्तीच्या दुकानाची चिठ्ठी, त्यात "विजेमुळे निकामी" असे लिहून घेतलेले. हे शब्द त्यांनी मुद्दाम लिहून घेतले, कारण हौसेने भाग बदलणे आणि बिघडला म्हणून बदलणे, यांत परवान्याच्या दृष्टीने फरक पडू शकतो. माझा सल्ला विचाराल, तर हा कागद सर्वांत मोलाचा.

दाद मिळाली नाही, तर पुढचा रस्ताही त्यांनी माझ्याकडून समजून घेतला होता. १९८६ च्या ग्राहक कायद्याच्या जागी २०१९ चा कायदा आला आणि जुलै २०२० पासून तो लागू झाला. जुन्या कायद्यात विरुद्ध पक्षाचे ठिकाण किंवा तंट्याचे कारण जिथे घडले ते ठिकाण पाहावे लागे. आता तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार नेता येते. कंपनी परदेशची, कचेरी बंगलोरला, म्हणून अमरावतीच्या माणसाने हात टेकावयास नकोत. पाच लाखांपर्यंतच्या मामल्याला शुल्कही नाही. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे आधी बोलून पाहावे. पुष्कळदा तिथूनच गाडी हलते. आणि आमच्या बहिणीसारख्या दुकानदारांनी एक ध्यानात ठेवावे. धंद्यासाठी घेतलेल्या मालाबद्दल ग्राहक म्हणून दाद मागता येत नाही, असे कोणी सांगितले तर घाबरू नये. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेला माल त्या अपवादातून कायद्यानेच वगळला आहे.

हे सारे आता पुन्हा आठवायचे कारण म्हणजे २०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर, १४ ऑक्टोबरला, विंडोज १० च्या नेहमीच्या सुधारणा कंपनीने थांबविल्या, आणि घरोघर नव्या आवृत्तीवर जाण्याची घाई उडाली. पुष्कळ जुनी यंत्रे नव्या आवृत्तीच्या अटींत बसत नाहीत, म्हणून लोक भाग बदलतात, डिस्क बदलतात, आणि तो चलाख हाताचा पोरगा आधी सगळे पुसून मोकळा होतो. त्याला हात लावू देण्यापूर्वी प्रणालीच्या सेटिंगमध्ये जाऊन, ती ॲक्टिव्हेट आहे ना, आणि परवाना तुमच्या खात्याशी जोडला आहे ना, एवढे पाहून घ्यावे. पाच मिनिटांचे काम आहे. नंतर त्याला पाच आठवडेही पुरत नाहीत.

तलाठी काकांना सतरा दिवस लागले. दोन वेळा फोन कट झाला, एकदा इंग्रजी बोलणाऱ्या मुलीला त्यांनी शुद्ध वऱ्हाडीत "बाप्पा, जरा हळू बोल ना माय" म्हटले. शेवटी विजेची चिठ्ठी आणि बिल पाहून पलीकडच्यांनी पाया मान्य केला आणि मजला आपोआप जागेवर बसला. परवा त्यांच्याकडे चहाला गेलो, तर त्यांनी ती फाईल दाखविली. पहिल्या पानावर ठळक अनुक्रमणिका: १. मूळ बिल. २. वाढीव आवृत्तीचा भरणा. ३. पंचनामा (वीज). ४. पत्रव्यवहार. आणि खाली लाल शाईत: किल्ली लोखंडी कपाटात, वरचा खण, सातबाऱ्याखाली.